मनगटाचे दुखणे : वेदनेचा उगम कोठे शोधावा?

(जिल्ह्यातील पंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय अधिकारी यांच्यापुढे एका अस्थिरोगतज्ज्ञाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्याच्या व्यासपीठावरून आपण आजवर हिवताप, क्षय, कुष्ठरोग आणि कुपोषण यांविषयी पुष्कळ ऐकले आहे. या विकारांची नोंद होते, त्यांच्यासाठी मोहिमा निघतात, आणि ते योग्यच आहे. मनगटाच्या दुखण्याने कोणी दगावत नाही. त्यामुळे त्याची दखल सहसा कोणत्याही नोंदवहीत घेतली जात नाही. परंतु ज्याचे पोट हातावर आहे, त्याच्या दृष्टीने मनगट निकामी होणे म्हणजे चूल थंड होणे होय. ज्याला आपण किरकोळ लचक म्हणून सोडून देतो, ती कित्येकदा एका संपूर्ण कुटुंबाचा हंगाम बुडविते. म्हणूनच केवळ वैद्यकीय परिषदेत शोभावा असा हा विषय मी आज मुद्दाम आपल्यासमोर मांडीत आहे.

मनगटातील कूर्चेला, म्हणजे सांध्यातील गादीला, इजा झाली असता वेदना नेमकी कोठून उत्पन्न होते, हा माझ्या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे. वरवर पाहता तो सोपा वाटतो. गादी फाटली, म्हणून दुखते, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात तसे नाही, आणि ते तसे का नाही हे समजून घेतल्यास दुखणाइताकडे पाहण्याची आपली सर्वांचीच दृष्टी बदलल्याखेरीज राहणार नाही.

हातावर पोट असलेला जिल्हा

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला आपला जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर आणि २०२४ पासूनचा अहिल्यानगर, दोन भिन्न प्रकृतींचा आहे. उत्तरेकडे प्रवरा-गोदावरीच्या पाण्यावर बहरलेला उसाचा पट्टा आहे. प्रवरानगर येथे १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि सहकाराचा एक नवा अध्याय सुरू झाला, हे आपण जाणताच. दक्षिणेकडे व पूर्वेकडे पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत यांसारखे अवर्षणाशी झुंजणारे तालुके आहेत. या भागांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात.

ऊसतोडीचे काम मनगटाच्या दृष्टीने आपण एकदा बारकाईने पाहावे. एका हाताने ऊस धरावयाचा आणि दुसऱ्या हाताने बुडख्याशी कोयत्याचा घाव घालावयाचा. घाव बसतो त्या क्षणी मूठ घट्ट आवळलेली असते, तळहात खालच्या बाजूस वळलेला असतो आणि मनगट करंगळीच्या बाजूस झुकलेले असते. ही क्रिया दिवसभरात अगणित वेळा होते. त्यानंतर वाढे तोडणे, मोळी बांधणे, आणि ती डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून गाडीत चढणे ही कामे येतात. फळीवरून पाय घसरला की सावरण्यासाठी माणूस सर्वप्रथम तळहात पुढे करतो, आणि सगळा भार मनगटावर पडतो.

ऊस हे केवळ एक उदाहरण झाले. आपल्याकडे रब्बी ज्वारीची ताटे अनेक ठिकाणी मुळासकट उपटून काढतात; त्यात मनगटास ओढ आणि पीळ ही दोन्ही एकदम बसतात. हा दुधाचाही जिल्हा आहे, आणि सकाळ-संध्याकाळ धारा काढणाऱ्या हातांना विसावा नाही. बांधकामावरचे गवंडी, धोबी, लोहार, सुतार, तसेच कुस्ती व कबड्डी खेळणारी मुले यांचीही गोष्ट हीच आहे.

ऊसतोडीत कामावर न गेलेल्या दिवसाला ‘खाडा’ म्हणतात. हंगामापूर्वी घेतलेली उचल फेडावयाची असते आणि पुष्कळ टोळ्यांत खाड्याचा दंड त्या उचलीत चढतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. जोडीतल्या एकाचा हात बसला की दोघांचेही काम थांबते. अशा वेळी बाई मुकादमाला सांगते की मनगट दुखते. परंतु मनगटावर सूज नसते, जखम नसते आणि कोठे काढलाच तर क्ष-किरणांचा फोटोही स्वच्छ असतो. मग तिच्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा की फोटोवर? या प्रश्नाचे उत्तर शरीररचनेत दडलेले आहे.

मनगटाची घडण

मनगट हा एक सांधा नसून अनेक सांध्यांचा मेळ आहे. तेथे आठ लहान हाडे दोन रांगांत बसविलेली आहेत. कोपराकडून दोन लांब हाडे त्यांच्याकडे येतात. अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला वैद्यक ‘रेडियस’ म्हणते आणि करंगळीच्या बाजूच्या हाडाला ‘अल्ना’. बिजागरीभोवती दार फिरावे त्याप्रमाणे रेडियस हे अल्नाभोवती फिरते. त्यामुळेच आपण किल्ली फिरवू शकतो, ताट उलथे-सुलथे करू शकतो आणि पिळा देऊन धुणे पिळू शकतो.

अल्नाचे टोक मनगटाच्या लहान हाडांना सरळ भिडत नाही. मध्ये एक त्रिकोणी, चिवट गादी असते. तिला त्रिकोणी तंतुमय कूर्चा म्हणतात. ही गादी एकटी नसते. तिच्या काठांना अस्थिबंध जोडलेले असतात, आणि हे बंध रेडियस व अल्ना यांना एकत्र बांधून ठेवतात. गादी, बंध आणि जवळून जाणाऱ्या एका कंडरेचे आवरण मिळून एक संपूर्ण रचना तयार होते. अमेरिकेतील पामर व वर्नर या शास्त्रज्ञांनी १९८१ साली या रचनेचे एकत्रित वर्णन केले, आणि तिचे ‘टी. एफ. सी. सी.’ हे संक्षिप्त नाव आज जगभर रूढ आहे.

याच दोघांनी १९८४ साली भाराचे मोजमाप प्रसिद्ध केले. दोन्ही हाडांची लांबी सारखी असेल तर मनगटावरील भारापैकी सुमारे ८२ टक्के भार रेडियस उचलते आणि १८ टक्के अल्ना. परंतु अल्ना केवळ अडीच मिलिमीटरने लांब असेल, तर तिच्यावरचा भार ४२ टक्क्यांच्या आसपास जातो. तेवढीच ती आखूड असेल, तर तो ४ टक्क्यांवर येतो. मूठ घट्ट आवळली आणि तळहात खाली वळविला की अल्ना तुलनेने किंचित पुढे सरकते. कोयत्याच्या घावाच्या वेळी हात नेमका याच स्थितीत असतो, हे आपण आताच पाहिले. एकाच टोळीत, एकच काम करणाऱ्या दोघांपैकी एकाचेच मनगट का धरते, याचे एक कारण या दोन-तीन मिलिमीटरांच्या जन्मजात फरकात सापडते. त्यात आळस किंवा नाजूकपणा यांचा काही संबंध नसतो.

कूर्चा मुकी असते

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शरीरात वेदना जाणवावयाची तर त्या जागी मज्जातंतू असले पाहिजेत. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा आणि मनगटाच्या त्रिकोणी गादीचा मधला भाग यांत मज्जातंतू नसतात आणि रक्तवाहिन्याही नसतात. रक्तवाहिन्या गादीच्या केवळ काठाकडील भागात शिरतात. निरनिराळ्या अभ्यासांत हा भाग दहा ते चाळीस टक्के इतका आढळला आहे. जेथे रक्त नाही तेथे जखम भरून येत नाही. नष्ट झालेली कूर्चा पुन्हा तयार होत नाही, हे निरीक्षण विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ सालीच लंडनमध्ये मांडले होते.

मज्जातंतूंच्या बाबतीत पुढचे पाऊल जॉन हिल्टन या इंग्रज शल्यचिकित्सकाने टाकले. १८६० ते १८६२ या काळात लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये त्याने विश्रांती आणि वेदना या विषयावर व्याख्याने दिली. ज्या मज्जातंतूच्या शाखा सांध्याला जातात, त्याच मज्जातंतूच्या शाखा तो सांधा हलविणाऱ्या स्नायूंना आणि त्यांवरील त्वचेलाही जातात, असा नियम त्याने सांगितला. म्हणूनच सांधा आतून दुखावला की भोवतालचे स्नायू आखडतात आणि वरची त्वचाही हुळहुळते. रुग्ण वर बोट ठेवतो, परंतु मूळ आत असते.

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मृतदेहांच्या मनगटातील सूक्ष्म मज्जातंतूंचा मागोवा घेण्यात आला. करंगळीच्या बाजूने हाताच्या पाठीवर जाणाऱ्या मज्जातंतूच्या शाखा या त्रिकोणी रचनेला सर्व नमुन्यांत मिळालेल्या आढळल्या. इतर मज्जातंतूंचा वाटा मात्र व्यक्तिपरत्वे बदलत होता. म्हणजे एकच इजा दोन माणसांना सारखीच दुखेल, असे रचनेच्या दृष्टीनेही म्हणता येत नाही.

परंतु मृतदेह वेदना सांगू शकत नाही. जिवंत सांध्याच्या आत कशाने दुखते, हे जाणण्यासाठी अमेरिकेतील स्कॉट डाय या शल्यचिकित्सकाने एक विलक्षण प्रयोग केला. त्याचा वृत्तान्त १९९८ साली प्रसिद्ध झाला. प्रयोग गुडघ्यावरचा होता. पण त्याचा बोध आपल्या विषयाला लागू आहे. दुर्बीण शिरविण्यापुरती त्वचा बधिर करून, सांध्याच्या आत मात्र बधिरीचे औषध न घालता, त्याने स्वतःच्या गुडघ्यांची सहकाऱ्यांकडून आतून तपासणी करून घेतली. सळईच्या टोकाने एकेक भाग दाबला जात असता काय जाणवते, ते तो जागेपणी सांगत होता. वाटीच्या कूर्चेवर दाब दिला तरी त्याला काहीच जाणवले नाही. सांध्याच्या अस्तराला आणि त्यालगतच्या मेदाच्या गादीला स्पर्श होताच मात्र तीव्र वेदना झाली. गुडघ्यातील अर्धचंद्राकार गादीच्या आतील कडेपेक्षा बाहेरच्या, अस्तराला चिकटलेल्या काठाशी वेदना अधिक होती.

मनगटाच्या गादीची ठेवण याच धर्तीची आहे : मध्यभाग मुका आणि काठ बोलका. यावरून मनगटातील वेदनेची उगमस्थाने आपल्याला क्रमाने सांगता येतात. पहिले स्थान गादीचा काठ आणि तेथे जोडलेले अस्थिबंध. दुसरे सांध्याचे अस्तर; गादीच्या फाटलेल्या लोंब्या हालचालीत त्यावर घासतात, ते सुजते आणि ठणकू लागते. तिसरे कूर्चेखालचे हाड. वरचे आच्छादन झिजले की भार थेट त्यावर येतो, आणि हाडात मज्जातंतू विपुल असतात. चौथे स्थान शेजारून जाणाऱ्या कंडरा व त्यांची आवरणे. पाचवे स्वतः मज्जातंतू, जे दाबले किंवा ताणले गेल्याने दुखतात.

फोटो आणि वेदना

आता दोन चुकीच्या समजुतींचा विचार करू. पहिली समजूत अशी की फोटोत काही दिसत नाही, तेव्हा दुखण्यात तथ्य नाही. क्ष-किरणांच्या फोटोत हाडे दिसतात. गादी, बंध आणि अस्तर त्यात दिसत नाहीत. जे दाखविण्याची त्या साधनाची शक्तीच नाही, ते त्यात दिसले नाही म्हणून ते अस्तित्वातच नाही असे म्हणणे सयुक्तिक नव्हे.

दुसरी समजूत याच्या उलट आहे, आणि ती शिकलेल्यांत अधिक आढळते. एम. आर. आय. तपासणीत गादी फाटलेली दिसली की दुखण्याचे कारण सापडलेच, असे मानले जाते. मिकिच या शास्त्रज्ञाने १९७८ साली तान्ह्यांपासून वृद्धांपर्यंतच्या मृतदेहांतील मनगटे उघडून पाहिली. वयाच्या पहिल्या दोन दशकांत गादीला एकही छिद्र आढळले नाही. तिसऱ्या दशकात हे प्रमाण सुमारे साडेसात टक्के होते, आणि साठीनंतर ते निम्म्याहून अधिक झाले. केस पिकावेत तशी ही गादी वयोमानाने विरत जाते, आणि अनेकांना त्याची जाणीवही होत नाही. तेव्हा पन्नाशीच्या शेतकऱ्याच्या तपासणीत दिसलेले छिद्र हे त्याच्या वेदनेचे मूळ असेल किंवा नसेलही. केवळ चित्र पाहून शस्त्रक्रिया ठरविली, तर खर्च होतो, हंगाम जातो आणि दुखणे जागच्या जागी राहते.

वेदनेची भाषा

मग शोध कसा घ्यावयाचा? सर्वांत पहिले साधन प्रश्न विचारणे हे आहे, आणि येथे आपली मराठी भाषा वैद्याच्या कामी येते. आपल्या खेडुतांकडे वेदनेसाठी एकच शब्द नाही. हात वळविताना एकदम ‘चमक’ निघते, असे कोणी सांगितले की गादीचा काठ किंवा बंध यांकडे लक्ष जाते. रात्री ‘ठणका’ लागतो, असे म्हटले की सुजलेल्या अस्तराचा किंवा हाडाचा विचार करावयास हवा. दिवसाच्या कामानंतर ‘रग’ लागते, ती बहुधा स्नायूंची. बोटांना ‘मुंग्या’ येतात किंवा हाताची ‘आग’ होते, ही भाषा मज्जातंतूंची आहे. या शब्दांवरून निदान पक्के होत नाही. दिशा मात्र कळते. रुग्णाच्या या शब्दांचे ‘मनगट दुखते’ एवढेच टिपण केले, तर निम्मी माहिती कागदावर येण्यापूर्वीच हरवते.

दुसरे साधन आपले बोट. रुग्णाला एकाच बोटाने जागा दाखविण्यास सांगावे. करंगळीच्या बाजूस अल्नाच्या टोकाचा उंचवटा आणि तळहाताकडची ताठ कंडरा यांच्यामध्ये एक खोलगट जागा असते. तेथे दाबले असता नेहमीचीच ओळखीची वेदना उमटली, तर गादीच्या मुळाशी किंवा लगतच्या बंधाला इजा झाल्याचा संशय बळावतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, अशी इजा असलेल्या शंभरांपैकी सुमारे ९५ जणांत ही खूण आढळली. या तपासणीला वीज लागत नाही आणि पैसाही लागत नाही. जमिनीवर तळहात टेकून उठताना, कुलूप उघडताना किंवा कपडा पिळताना दुखते काय, हेही विचारावे, आणि नेहमी दोन्ही हात ताडून पाहावेत.

तिसरे साधन तज्ज्ञाच्या हातचे आहे. संशयित जागी बधिरीच्या औषधाचे थोडे इंजेक्शन देऊन वेदना जाते काय, हे पाहता येते. सांध्यात औषध घातल्यावर वेदना थांबली, तर उगम सांध्यात. कंडरेच्या आवरणात घातल्यावर थांबली, तर उगम तेथे. यातही सावधगिरी हवी, कारण गादी फाटलेली असल्यास औषध तिच्यातून पलीकडच्या सांध्यात झिरपते. अखेर आवश्यकता भासल्यास सांध्यात दुर्बीण घालून फाटलेला भाग प्रत्यक्ष पाहता येतो.

इतर काही विकार याच वेदनेचे सोंग घेतात. अंगठा ताणला असता त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, तेथे पडल्यानंतर दुखत असेल, तर तेथील नावेच्या आकाराचे लहान हाड मोडलेले असू शकते. पहिल्या फोटोत ही मोड कधी कधी दिसत नाही. म्हणून हात बांधून ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो घ्यावा लागतो. कष्टाची कामे करणाऱ्या तरुणांत मनगटाच्या मधोमध असलेल्या चंद्राकार हाडाचा रक्तपुरवठा खुंटून ते ठिसूळ होते. व्हिएन्नाच्या किनबॉक यांनी १९१० साली या विकाराचे वर्णन केले. नुकत्याच बाळंत झालेल्या मातांना अंगठ्याच्या बाजूस होणारा त्रास बहुधा कंडरांच्या आवरणाचा असतो. रात्री अंगठा आणि लगतची बोटे बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटाच्या बोगद्यात मज्जातंतू दाबला जात असल्याचा संभव असतो.

उपचार : काय करावे, काय टाळावे

उगम ओळखला की उपचाराची दिशा आपोआप ठरते. काठाला रक्त मिळते, म्हणून काठाची ताजी इजा मनगट चार ते सहा आठवडे स्थिर ठेवल्यास बऱ्याचदा भरून येते. ती न भरल्यास किंवा दोन्ही हाडांची पकड सैल झाली असल्यास काठ शिवता येतो. मध्यभाग शिवून उपयोग नसतो; तेथील लोंब्या दुर्बिणीतून छाटून गुळगुळीत केल्या की अस्तरावरचे घर्षण थांबते. अल्ना लांब असेल, तर तिची लांबी किंचित कमी करून भार उतरविता येतो. शस्त्रक्रियेचा विचार बहुतेक रुग्णांत विश्रांती, पट्टी आणि व्यायाम यांनंतरच करावयाचा असतो.

गावपातळीवर करावयाच्या गोष्टी सोप्या आहेत. मनगटावर पडल्यास प्रथम त्या हातातील बांगड्या, कडे आणि अंगठी काढावी. सूज चढल्यावर त्या निघत नाहीत आणि रक्तप्रवाहास अडथळा होतो. बांगडी काढण्यास मन कचरते, हे मी जाणतो. तेव्हा घरच्या वडीलधाऱ्या बाईने समजूत घालावी. मग जाड पुठ्ठा किंवा कामट्या कापडात गुंडाळून मनगट आहे त्या स्थितीत बांधावे आणि हात झोळीत ठेवावा. बांधल्यावर बोटे गार किंवा निळी पडली, किंवा बधिर झाली, तर बंधन तत्काळ सैल करावे. बोटे मात्र मोकळी ठेवून हलवीत राहावीत.

टाळावयाच्या गोष्टींत पहिली म्हणजे चोळणे आणि ओढून ‘बसविणे’. फाटलेल्या काठाला यामुळे दुसरी इजा होते. दुसरी म्हणजे वेदनाशामक गोळ्या घेऊन काम रेटणे. गोळीने वेदना झाकली जाते, फाट वाढतच राहते, आणि या गोळ्या अधिक दिवस घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांना अपाय होतो. हात वाकडा दिसत असेल, जखम असेल किंवा बोटे बधिर असतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वरकरणी साधी वाटणारी लचक दोन आठवड्यांत उतरली नाही, तर तज्ज्ञाकडे जावे. इजेच्या मानाने वेदना फारच अधिक असेल, हात सुजून त्याचा रंग पालटत असेल आणि नुसत्या स्पर्शानेही आग होत असेल, तर मज्जासंस्थाच बिघडलेला संदेश देऊ लागली आहे, असे समजावे आणि विलंब करू नये.

आपली कर्तव्ये

या जिल्ह्याला आरोग्यसेवेची मोठी परंपरा आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावच्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ साली त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लोणी येथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ साली उभे राहिले. फारसे न शिकलेली स्त्रीही योग्य शिक्षण मिळाल्यास रुग्णाचे दुखणे त्याच्याच भाषेत समजून घेऊ शकते, हा जामखेडचा धडा साऱ्या जगाने वाखाणला. मनगटाच्या दुखण्यासाठीही हाच मार्ग आहे. कोठे दुखते, केव्हा दुखते, कसे दुखते आणि काय करता येत नाही, हे चार प्रश्न विचारून त्यांची उत्तरे रुग्णाच्याच शब्दांत चिठ्ठीवर लिहिण्याचे काम गावची ‘आशा’ कार्यकर्ती सहज करू शकेल. अशी चिठ्ठी घेऊन आलेल्या रुग्णाचे निदान तालुक्याच्या ठिकाणी लवकर होते.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. वाढत्या वयाच्या मुलांत हाडाच्या टोकाशी वाढीची चकती असते आणि ती बंधांपेक्षा दुबळी असते. म्हणून क्रीडांगणावर पडलेल्या मुलाचे मनगट ‘मुरगळले’ असे म्हणून सोडून देऊ नये. चकतीला झालेली इजा दुर्लक्षिली गेल्यास एक हाड वाढते, दुसरे मागे राहते, आणि काही वर्षांनी तीच अल्ना लांब ठरून गादी चेपू लागते.

पंचायत सदस्यांनी टोळ्या निघण्यापूर्वी आणि परतल्यानंतर आरोग्य तपासणीत हातांचा समावेश करवून घ्यावा. कोयत्याची मूठ हाताला बेताची असणे आणि धार नीट असणे यांचाही मनगटाशी संबंध आहे. बोथट कोयत्याला अधिक जोराचे घाव घालावे लागतात, आणि प्रत्येक जादा घावाचा हिसका गादी सोसते. कारखान्यांच्या परिसरात मुकादमांना या गोष्टी समजावून सांगणे कठीण नाही. दुखऱ्या हाताला आठ दिवस हलके काम दिल्याने हंगामाचे जेवढे नुकसान होईल, त्याहून कितीतरी अधिक नुकसान तो हात कायमचा जायबंदी झाल्याने होते.

प्रमाणपत्रे आणि अर्ज यांच्याशी संबंध येणाऱ्या अधिकाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, ‘फोटो निर्दोष’ हा शेरा दुखणे खोटे असल्याचा पुरावा मानू नये. पकडीचे बळ मोजण्याचे यंत्र असते. मनगट किती अंशांतून फिरते, हे मोजता येते. दोन्ही हातांची तुलना करता येते. कागदावर चित्राइतकेच महत्त्व या मापांना मिळाले, तर सोंग घेणारा आणि खरा दुखणाईत यांत फरक करणे सोपे होईल, आणि खऱ्याला न्याय मिळेल.

बंधुभगिनींनो, कूर्चेला स्वतःची वाचा नाही. तिच्या वतीने भोवतालचे काठ, बंध आणि अस्तर बोलतात. आपल्या समाजातही कष्टकऱ्याच्या वेदनेला सहसा वाचा नसते. तिच्या वतीने शिक्षक, सदस्य आणि अधिकारी यांनी बोलावयाचे असते. येत्या हंगामात एखादी ऊसतोड करणारी भगिनी आपल्यापुढे हात करून म्हणाली की, ‘दादा, येथे चमक निघते’, तर कागद मागण्यापूर्वी तिने बोट कोठे ठेवले आहे ते पाहा. शोधाची सुरुवात तेथूनच होते.



जय हिंद, जय महाराष्ट्र.